सात बाटल्या-डब्या आणि डाव्या हाताची तीन बोटं

रुग्ण अडतीस वर्षांची गृहिणी. साताऱ्यात शाहूपुरीच्या बाजूला राहते आणि घरूनच डबे पुरवते. होस्टेलची मुलं, एमआयडीसीतले कामगार, एकटे राहणारे एक-दोन वयस्कर लोक, असे सकाळ-संध्याकाळ मिळून साठेक डबे. पोळ्यांना जाऊबाई मदतीला येतात, भाजी-आमटी-चटणी हिच्याकडे. तिची परवानगी घेऊन हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, त्वचेबद्दलचे मात्र जसेच्या तसे आहेत.

ती आली तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. तक्रारींची यादी लांबलचक होती. हाताची बोटं फाटलेली, टाचांना रक्त येईपर्यंत भेगा, डोक्यात कोंडा आणि खाज, केस मुठीनं गळतायत, कपाळावर बारीक पुळ्या, नडगीला रात्री खाज. "मॅडम, मी सगळं नैसर्गिकच लावतेय. केमिकल काहीच न्हाई. तरी असं का होतंय?" हा तिचा पहिला प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता.

असे रुग्ण आले की घरात जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून घेऊन या, असं मी सांगते. नुसतं विचारलं तर माणूस औषधं सांगतो, तेलं सांगत नाही, कारण तेलाला कुणी औषध धरत नाही. तिच्या पिशवीतून टेबलावर आलं ते असं : लाकडी घाण्याचं खोबरेल, त्यातच लसूण आणि कांदा कढवून घरी केलेलं केसांचं तेल, एरंडेल, नणंदेनं पुण्याहून आणलेलं ऑलिव्ह तेल, रोझमेरीच्या अर्काची छोटी बाटली, शिया बटरची डबी आणि कोको बटरची डबी. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोकमतेलाचा एक गोळा वेगळा. तो चिपळूणच्या मावशींनी कुंभार्ली घाटातून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवलेला.

यातली एकही वस्तू टाकाऊ नव्हती. घोळ होता तो कुठे काय लावायचं याचा, आणि त्याहून जास्त, तेलाखाली नेमकं काय चाललंय ते कुणी पाहिलंच नव्हतं याचा.

आधी हात

खरी गोष्ट हातांवर होती, म्हणून तिथं जरा थांबते.

तिचं म्हणणं होतं की भांड्याच्या साबणानं हात फाटतात. साबणानं फाटलेले हात मी रोज बघते. ते बहुतेक दोन्ही बाजूंनी फाटतात, बोटांच्या बेचक्यात, अंगठीखाली, हाताच्या पाठीवर. हिचा उजवा हात जवळजवळ साफ होता. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्याच तीन बोटांची टोकं जाड, कोरडी, खरखरीत झाली होती आणि त्यांच्यावर सुरीनं कापल्यासारख्या बारीक उभ्या चिरा होत्या. शेजारची अनामिका आणि करंगळी मऊसूत. साबण तीन बोटं निवडून धुवायला जात नाही.

मी टेबलावरचं पेन उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "ताई, हे लसणाची पाकळी समजा आणि सोलून दाखवा." तिनं ते डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत धरलं, उजव्या हातात सुरी धरल्याचा आव आणला, आणि दोघींनाही एकदमच दिसलं. पेन जिथं टेकलं होतं, तेवढीच जागा फाटलेली होती.

साठ डब्यांची चटणी, फोडण्या, ठेचा. रोज रात्री अर्धा किलोच्या आसपास लसूण ती स्वतः सोलते, सगळी निजानीज झाल्यावर. लसणात गंधकाची काही संयुगं असतात. त्यातलं डायअलिल डायसल्फाइड हे ॲलर्जी घडवणारं मुख्य द्रव्य. वर्षानुवर्षं लसूण हाताळणाऱ्या स्वयंपाक्यांमध्ये हा आजार जगभर दिसतो आणि उजव्या हातानं काम करणाऱ्यांत तो नेमका डाव्या हाताच्या याच तीन बोटांवर येतो. रबरी मोजे घालूनही सुटका होत नाही, कारण हे द्रव्य बहुतेक मोज्यांतून आरपार जातं. मोजे वापरून बघितले आणि काही फरक पडला नाही, असं सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात.

आता तेलाकडे वळू. रात्री झोपताना ती बोटांना खोबरेल आणि शिया बटर चोळत होती. सकाळी चिरा मऊ वाटायच्या, ठणका कमी व्हायचा. त्यात आश्चर्य नाही. तेला-बटरचा थर भेगेवर बसला की आतलं पाणी उडून जात नाही आणि उघड्या चिरेला हवा झोंबत नाही. पण रात्री पुन्हा लसूण, पुन्हा चीर. तेल आपलं काम चोख करत होतं. त्यामुळे दुखणं सुसह्य झालं आणि मूळ कारण दोन हिवाळे झाकलेलं राहिलं.

पक्कं निदान पॅच टेस्टनं होतं. त्यात डायअलिल डायसल्फाइडचं ठरावीक प्रमाणातलं मलम पाठीवर चिकटवून ठेवतात. कच्चा लसूण ठेचून कातडीवर बांधून बघण्याचा उद्योग घरी कुणीही करू नये. त्यानं ॲलर्जी नसलेल्या माणसालासुद्धा भाजल्यासारखे फोड येतात. दात दुखतो म्हणून गालावर किंवा गुडघा दुखतो म्हणून वाटीवर लसूण बांधून भाजून घेतलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना नवे नाहीत. आम्ही आधी सोपा मार्ग धरला : काही आठवडे लसणाला हात लावायचा नाही. सोलायचा नाही, चिरायचा नाही. खाल्लेला शिजका लसूण तिला बाधत नव्हता, म्हणून खाण्यावर बंदी घातली नाही. सोबत स्टेरॉइडचं मलम मोजून दोन आठवडे, आणि दिवसातून चार-पाचदा, हात धुतल्यावर लगेच, साधी पेट्रोलियम जेली.

त्यावर ती म्हणाली, "पण मग लसूण सोलणार कोण?" घरातल्या बायकांच्या आजारात औषधापेक्षा हा प्रश्न मोठा असतो. पुढच्या खेपेला सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांनीच तोडगा काढला. "आणा इकडं ती परडी. मला संध्याकाळी बसून काय काम हाय?" सासूबाईंना ॲलर्जी नाही. वाटणासाठी मिक्सर.

तीनेक आठवड्यांत बोटांची टोकं मऊ झाली. पुढे लग्नसराईत एक मोठी ऑर्डर आली, मदतीला कुणी नव्हतं, तेव्हा दोन रात्री तिनं स्वतः लसूण सोलला आणि तीच तीन बोटं पुन्हा उकलली. मला यापेक्षा वेगळा पुरावा लागला नाही.

डोकं, आणि तोच लसूण

केस गळतात म्हणून ती लसूण-कांदा कढवलेलं खोबरेल आठवड्यातून तीनदा डोक्याला चोळत होती आणि रात्रभर ठेवत होती. टाळूची कातडी जाड असते, तिथं ॲलर्जी पटकन दिसत नाही. ती दिसते तेल ओघळून जिथं जातं तिथं : कानामागं, मानेवर, पापण्यांवर. हिच्या दोन्ही कानांमागं लालसर, खाजरी पुरळ होती. तेल बंद केल्यावर ती आपोआप गेली.

कोंडा मात्र वेगळा. पिवळसर, चिकट, भुवयांच्या आत आणि नाकाच्या कडेलाही थोडा. याच्यामागं मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर राहते आणि तिला जगायला स्निग्धाम्लं लागतात, ती तिला स्वतःला तयार करता येत नाहीत. डोक्याच्या मूळ तेलात आपण बाहेरून आणखी भर घातली की तिचं फावतं. "कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलंय, तेल लावा" हा सल्ला घरोघरी मिळतो आणि चिकट कोंड्याच्या बाबतीत तो उलटाच पडतो. तेल लावल्यावर खपल्या केसांना चिकटून बसतात, दिसत नाहीत, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. तिला केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा दोन टक्क्यांचा शांपू दिला. आठवड्यातून दोनदा, टाळूला लावून पाच मिनिटं थांबायचं, मग धुवायचं. लावल्या लावल्या धुतला तर त्याचा उपयोग होत नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

कपाळावरच्या पुळ्या केसांच्या रेषेलगत, ओळीनं होत्या. डोक्याचं तेल रात्रभर कपाळावर उतरत होतं आणि वर चेहऱ्याला ती कोको बटरही लावत होती. खोबरेल आणि कोको बटर दोन्ही चेहऱ्याची रंध्रं बुजवणाऱ्यांत गणले जातात. दोन्ही चेहऱ्यापासून लांब ठेवल्यावर दीड-दोन महिन्यांत कपाळ साफ झालं. कोको बटर मुळात घेतलं होतं बाळंतपणातले पोटावरचे व्रण (स्ट्रेच मार्क्स) जावेत म्हणून. गरोदर स्त्रियांवर झालेल्या नियंत्रित चाचण्यांत त्याचा व्रण टाळण्यासाठी फायदा दिसलेला नाही, आणि जुने पांढरे पडलेले व्रण कुठल्याही बटरनं जात नाहीत. हे तिला सरळ सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण पुढची डबी मागवायचे पैसे वाचले.

केस का गळत होते

तिला गणपतीत डेंगी झाला होता. केस गळायला लागले दिवाळीच्या सुमारास. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा अचानक वजन उतरणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात, कारण त्या धक्क्यानं पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि नवा केस खालून वर यायला लागला की जुने सुटतात. हे गळणं घाबरवणारं असलं तरी बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतं. रोज ५० ते १०० केस कुणाचेही जातात.

पण हिच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघालं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. थायरॉइड ठीक होतं. ते बघावंच लागतं, कारण कोरडी कातडी आणि केसगळती एकत्र असली की थायरॉइडची शंका पहिली येते. पाळी जास्त जाते हे तिनं मी विचारल्यावर सांगितलं, आपण होऊन नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. साठ घरची ताटं भरणारी बाई स्वतः दुपारी तीनला उरलंसुरलं खाते, हे ऐकून मला राग येतो. आणि तो तिच्यावर नसतो.

रोझमेरीबद्दल तिनं आशेनं विचारलं. मोबाइलवर सगळीकडे तेच आहे. या कौतुकाचं मूळ बरंचसं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका इराणी अभ्यासात आहे. त्यात टक्कल पडू लागलेल्या १०० पुरुषांपैकी निम्म्यांना रोझमेरी तेल आणि निम्म्यांना दोन टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायला लावतात ते औषध, सहा महिने लावलं आणि दोन्हीकडे थोडी, साधारण सारखीच वाढ दिसली. नुसतं साधं तेल लावणारा तिसरा गट त्यात नव्हता. ते पुरुष होते, त्यांचं टक्कल आनुवंशिक होतं. तापानंतर आणि लोहाअभावी गळणाऱ्या बाईच्या केसांविषयी तो अभ्यास काहीच सांगत नाही. शिवाय ती त्या बाटलीतले थेंब तसेच, दुसऱ्या तेलात न मिसळता, टाळूवर टाकत होती. असे अर्क जहाल असतात, कधीही थेट लावायचे नाहीत. ती बाटली बंद केली. एरंडेलही टाळूवरून काढलं. केस वाढवतं असा त्याचा लौकिक आहे, पण तसा भक्कम पुरावा नाही, आणि ते इतकं दाट की केसांचा गुंता होतो.

मग खोबरेल पूर्ण बंद का? नाही. इथं माझं आणि सासूबाईंचं एकमत झालं. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलानं केसातलं प्रथिन झिजणं कमी झालं, बाकी दोघांनी नाही. त्यातलं लॉरिक आम्ल आकारानं लहान आणि सरळ साखळीचं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. म्हणजे आजीची रविवारची चंपी केसांसाठी खरीच, फक्त ती केसाच्या दांड्यासाठी, मुळांसाठी नाही. ठरलं असं : कोंडा आटोक्यात येईपर्यंत टाळूला तेल नाही. न्हाण्याआधी तासभर, कानाच्या खाली, वेणीच्या लांबीला साधं खोबरेल. हिवाळ्यात साताऱ्यात ते बाटलीत थिजलेलं असतं, बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुरे. आणि कापूर घालायचा नाही. कोंड्यासाठी खोबरेलात कापूर घालण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, पण लहान मुलानं असं तेल गिळलं तर झटके येऊ शकतात. ज्या घरात मूल आहे तिथं ही बाटली नसावीच.

नडगी

यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. कोरडी कातडी, थंडी, कडकडीत पाण्यानं अंघोळ, आणि वर ऑलिव्ह तेल. ऑलिव्ह महाग, म्हणून चांगलं असा समज आहे. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या एका छोट्या अभ्यासात प्रौढांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलं तेव्हा कातडीची वरची भिंत कमकुवत झाली, सौम्य लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही. ऑलिव्हमध्ये ओलिक आम्ल जास्त, सूर्यफुलात लिनोलिक जास्त, आणि कातडीला स्वतःची भिंत बांधायला लिनोलिक लागतं. ऑलिव्ह तेल स्वयंपाकघरात पाठवलं. अंघोळ कोमट पाण्याची, अंग टिपून ते ओलसर असतानाच शिया बटर नडगीला. पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांचं हे बटर कोरड्या, केस नसलेल्या जागी खरोखर छान बसतं. डबी वाया गेली नाही.

टाचा आणि कोकमतेल

ती दिवसभर शहाबादी फरशीवर अनवाणी उभी असते. टाचेच्या कडेला पिवळट जाड कातडं आणि त्यात खोल भेगा, दोन भेगा तळाशी लाल. आधी कातडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी नाही ना ते पाहिलं. पायाची बुरशी पुष्कळदा नुसत्या कोरडेपणासारखीच दिसते आणि लोक वर्षभर तेल लावत बसतात. बुरशी नव्हती.

कोकमतेल ती पळीत कढवून, गरम असतानाच भेगेत सोडत होती. कोकणात असंच करतात, मावशींनी तसंच शिकवलेलं. एका भेगेच्या कडेला त्यानं भाजल्याची खूण होती. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर चरबी तरंगते. ती काढून गार झाल्यावर हातानं गोळे वळतात. हे बटर स्टिअरिक आम्लानं भरलेलं, म्हणून खडखडीत घट्ट, साधारण ४० अंशांच्या आसपास वितळणारं. म्हणजे ते पायावर ओघळत नाही, जिथं लावू तिथंच बसतं. टाचेला यापेक्षा चांगला घरगुती लेप मला माहीत नाही आणि मी ते रुग्णांना आनंदानं सांगते. फक्त ते जाड कातडं कमी करत नाही. ते काम युरियाच्या मलमाचं.

म्हणून क्रम असा लावून दिला : रात्री पाय कोमट पाण्यात थोडा वेळ, टिपून घ्यायचे, २० टक्के युरियाचं मलम जाड कातड्यावर, रक्त येणाऱ्या भेगा सोडून. त्यावर कोकमतेल, बोटाला सोसेल इतकंच कोमट. वर सुती मोजे. स्वयंपाकघरात मागून बंद असलेली मऊ चप्पल, कारण उघड्या टाचेवर वजन पडलं की ती पसरते आणि भेग आणखी उघडते. चप्पल ही सर्वांत अवघड गोष्ट निघाली. स्वयंपाकघरात पायताण चालणार नाही, असं सासूबाई म्हणाल्या. शेवटी फक्त ओट्यापाशी वापरायची, वेगळी ठेवलेली, धुतलेली जोडी, एवढ्यावर त्या राजी झाल्या.

सध्या

उन्हाळ्याच्या अखेरीस ती शेवटची येऊन गेली. टाचांच्या भेगा भरल्या आहेत, कडा अजून जाड आहेत. कोंडा आटोक्यात आहे, शांपू आता पंधरवड्यातून एकदा. गळणं कमी झालं आहे आणि भांगेच्या कडेला नवे आखूड केस उभे दिसतात. फेरिटिन वर येतंय, गोळ्या अजून काही महिने घ्यायच्या आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांची सोनोग्राफी तिनं दोनदा पुढं ढकलली. त्यावरून मी तिला खडसावलं आणि पुढची तारीख तिच्या मिस्टरांच्या मोबाइलमध्ये घालून घेतली.

पॅच टेस्ट अजून झालेली नाही. ती व्हावी असं मला वाटतं, कारण लसणाच्या ॲलर्जीसोबत कधीकधी कांद्याचीही निघते, आणि डब्याच्या धंद्यात कांदा कुणाच्या तरी हाती देणं लसणाइतकं सोपं नाही. पावसाळ्यात डबे थोडे कमी होतात, तेव्हा करायचं ठरलं आहे.

जाताना तिनं विचारलं, घरात कुठलं नवं तेल आणलं तर आधी कसं पाहायचं. तिला सांगितलं ते इथंही लिहिते : कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत, रोज दोनदा, आठवडाभर. ॲलर्जी पहिल्या दिवशी क्वचितच बोलते, म्हणून एकदा लावून बघणं पुरत नाही. त्या जागी खाज, लाली, पुरळ आली तर तिथंच थांबायचं. आणि नवं तेल आणायच्या आधी फोन करून विचारायचं, कुठं लावणार आहात ते सांगायचं. आता ती फोन करते. परवा मोहरीच्या तेलासाठी आला होता. अंगाला लावू नका म्हणून सांगितलं, लोणच्याला वापरा.